पोकरची लिंक पुढे पाठवू नका, बँक खातं कुणाला वापरायला देऊ नका



पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी घातली. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगारच म्हटलं. पश्चिम बंगालच्या कायद्याने मात्र तो जुगारातून वगळला आहे. नव्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइनपुरता तरी हा वाद मिटवला. कौशल्य असो वा नशीब, पैसा लागला की मनाई. मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे डाव लगोलग बंद केले.

पण मेसेज येतच आहेत. ‘नवीन पोकर रूम, पहिल्या डिपॉझिटवर बोनस’, खाली लिंक. ॲप प्ले स्टोअरवर नसतं, फाइल थेट फोनवर घ्यायला सांगतात. पैसे भरायला गेलं की दर वेळी वेगळाच क्यूआर कोड येतो. आज कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव, उद्या कुणा अनोळखी माणसाचं. जिंकलेली रक्कम मागितली की आधी ‘टॅक्स’ भरायला लावतात. तो भरू नका. त्यामागे दुसरी मागणी येते.

हे पैसे ज्यांत जातात ती अनोळखी खाती बऱ्याचदा आपल्याच मुलांची असतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. महिन्याला थोडे पैसे मिळतात म्हणून कॉलेजची मुलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतात. अशा खेळाचे पैसे फिरवायला मदत करणाऱ्याला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ग्रुपवर लिंक टाकण्यापूर्वी थांबा.

खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. हे घरोघरी कळायला हवं, कारण पोलीस आपल्यालाच धरतील या भीतीने फसलेली मुलं गप्प बसतात आणि कर्ज वाढत जातं.

प्रत्यक्ष टेबलावरच्या डावाला महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. फ्लॅट, फार्महाउस किंवा क्लबची खोली देऊन कुणी डावामागे नाल, म्हणजे स्वतःचा हिस्सा, घेत असेल, तर तो जुगार अड्डा ठरू शकतो. तिथे डाव चालू असताना सापडलेला माणूस खेळायलाच आला होता, असं कायदा गृहीत धरतो. ‘मी नुसता बघत होतो’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. दिवाळीत कुणी बोलावलं तर एवढं लक्षात असू द्या. गोव्यात चालतं म्हणून इथे चालेल, असंही समजू नका. मांडवीतल्या जहाजांवर आणि पंचतारांकित हॉटेलांत परवान्याने जुगार चालतो, तो गोव्याच्या कायद्याने. महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये तो रद्दही झाला.

घरात, वसतिगृहात कुणी अडकलं असेल तर रागावू नका, आजच त्याच्याजवळ बसा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि मेसेज पुसू नका. खातं दुसऱ्याला दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन ते बंद करायला सांगा.