चाकांवरचे स्वयंपाकघर

मार्चअखेरचे हिशेब मिटतात, अक्षय्य तृतीयेची गर्दी ओसरते आणि मुलांची सुट्टी अर्ध्यावर येते. व्यापारी घराला बाहेर पडण्यास हीच काय ती सवड, आणि तीही दोन मुक्कामांपुरती. मात्र या दोन मुक्कामांनाही घरातील आजी बहुधा मागे राहते. तिला समुद्र नको असतो असे नाही. उपाहारगृहात कोणत्या भांड्यात काय शिजले असेल, सूर्यास्तापूर्वी ताट वाढले जाईल की नाही, उकळलेले पाणी कोण देईल, या शंकांना तेथे उत्तर नसते. म्हणून ‘तुम्ही जाऊन या’ एवढेच ती म्हणते.

शेगडी, भांडी धुण्याची जागा, शीतकपाट, झोपण्याच्या फळ्या आणि शौचालय असलेले मोटारघर, म्हणजेच कॅराव्हॅन, या शंकांपैकी बऱ्याच दूर करते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ही वाहने चालकासह भाड्यानेही मिळतात. कल्पना तशी नवी नाही. तीर्थयात्रेच्या संघाबरोबर शिधा आणि भांडी घेऊन बैलगाड्या चालत, तेव्हाही स्वयंपाकघर माणसांच्या सोबतच प्रवास करीत असे.

मुंबईकरांसाठी अशा पहिल्या सहलीला मांडवा सोयीचे आहे. पनवेल, पेण, वडखळ या मार्गाने शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते आणि उन्हाळ्याच्या गर्दीत अर्धा दिवस रस्त्यातच जातो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, लगोलग आलेल्या टाळेबंदीत थांबली आणि पुढे पुन्हा चालू झाली. गाडी खाली उभी करून माणसे वर येतात आणि तासाभरात पलीकडचा धक्का लागतो. मोटारघराची उंची व लांबी मात्र आधी कळवावी, आणि गॅसच्या टाकीविषयी स्पष्ट विचारून घ्यावे.

मे महिन्यातील उकाडा हा या सहलीचा खरा शत्रू. पत्र्याची गाडी दुपारी तापते आणि वातानुकूलनास बाहेरून वीज लागते. त्यामुळे किनाऱ्यावर कोठेही गाडी लावून राहू, हे चित्र मनातून काढलेले बरे. वाळूत गाडी रुतते, भरती कोणाची वाट पाहत नाही, आणि किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाईही असते. सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाडीमालकाशी आधी बोलून सावली, वीज आणि पाण्याची सोय ठरवावी. सांडपाणी वाळूत किंवा ओहोळात सोडू नये. गाडीतील टाकीत साधारण शंभर-दीडशे लिटर पाणी मावते. सहा माणसांना ते किती पुरेल, याचा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

दिवस सकाळी लवकर सुरू करावा. सासवण्यास शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे शिल्पालय आहे. ते १८९१ मध्ये याच गावी जन्मले. पुण्यातील १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. मुलांना येथे तासभर सहज जातो. रस्त्याच्या कडेला अलिबागच्या प्रसिद्ध पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या असतात. या घरांना त्यांचा उपयोग नाही. आंबे आणि ताडगोळे मात्र मनसोक्त घ्यावेत.

आता एका अवघड गोष्टीविषयी. स्वयंपाकघर सोबत निघाले की स्वयंपाक करणारीही सोबत निघते, आणि सहल कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. आजीची अडचण दूर करताना सुनेला चार फुटांच्या ओट्याशी उभे केले, तर घरातील एकीची सुट्टी दुसरीने भरली एवढेच होईल. उन्हाळ्यात पिठाची मर्यादा पाच दिवसांची मानली जाते. दोन मुक्काम तिच्यात सहज बसतात. खाकरे, मुगाची डाळ, भाजलेला रवा आधीच बांधून न्यावा. गरम जेवण दिवसातून एकदाच करावे. पाणी गाळणे, उकळणे आणि भांडी घासणे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी घ्यावे. दुकानात मालाची यादी ज्या काटेकोरपणे होते, त्याच काटेकोरपणे ही कामे निघण्यापूर्वी कागदावर वाटून घ्यावीत. गाडीत शिरल्यावर वाटणी होत नाही.

मे महिन्याच्या मध्यावर येथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसहापर्यंत ताटे आवरली, तर सर्वांनाच जेट्टीकडे जाता येते. अंधार पडू लागला की खाडीपलीकडे मुंबईचे दिवे एकेक करून दिसू लागतात. आजीला बसण्यासाठी घडीची खुर्ची गाडीत आठवणीने ठेवावी. जेट्टीवरचा दगड रात्रीही गरम असतो.