चॉसर शिकवायचा तर
वर्गात चॉसरची ‘कँटरबरी टेल्स’ बहुधा प्रस्तावनेपासून सुरू होते आणि तीसेक यात्रेकरूंच्या ओळखपरेडीतच अडकते. त्यापेक्षा सुरुवात पार्डनरपासून करावी. पापमुक्तीची पत्रं विकणारा हा भोंदू डुकराची हाडं संतांचे अवशेष म्हणून खपवतो, ही लबाडी सहप्रवाशांना खुशाल सांगतो आणि वर लोभाविरुद्ध प्रवचन झोडतो. त्याच्या गोष्टीत मृत्यूला मारायला निघालेल्या तिघा उनाडांना सोनं सापडतं आणि हावेपायी तिघंही एकमेकांच्या हातून मरतात. अशीच कथा आपल्याकडच्या वेदब्भ जातकात आहे, हेही मुलांना जरूर सांगावं. मग प्रश्न टाकावा : लबाडाने सांगितलेलं तात्पर्य खोटं ठरतं का? वर्ग वादाला पेटला, की चौदाव्या शतकातली अवघड इंग्रजी मुलं पुराव्यासाठी आपणहून चाळू लागतील.