चार सुगंध पुरेत

गृहोद्योग करणाऱ्या भगिनींच्या कानीं एक अनुभव घालावासा वाटतो. आमच्या घरीं धाकट्या सूनबाई सुगंधी मेणबत्त्या करतात. गेल्या दिवाळीस त्यांनीं बारा सुगंध काढले. चंदन व गुलाब हातोहात खपले. बाकीच्यांत भांडवल अडकून पडलें.

मेणांत साधारणपणें वजनाच्या शेंकडा ६ ते ८ सुगंधी तेल घालतात, आणि तेंच महाग. शिवाय तेल बदललें कीं ज्योत कमीजास्त होते. म्हणून प्रत्येक सुगंधास वात निराळी पारखून घ्यावी लागते. उरलेल्या मालाचा वासहि हळूहळू उणा होतो.

वहींत प्रत्येकाचा खप व शिल्लक मांडून यंदा चारच ठरविले : उन्हाळ्यांत मोगरा व वाळा, दिवाळीस चंदन व गुलाब. बकुळ आजेसासूबाईंची आवडती. ती वगळण्यास सूनबाईंचें मन होईना. अखेर आजेसासूबाईच म्हणाल्या, "अगं, बकुळ सुकली तरी वास देते, अडकलेला पैसा काय देतो?"

वहीवर शेवटची रेघ त्यांच्यासमोरच ओढली गेली. वाचक भगिनींनीं आपलीहि वही एकदां अशीच घरांत सर्वांसमोर उघडून पाहावी.