पिशवी काढण्याआधी

‘अंग बाहेर येते’ हे अनेक बायका वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. सांगितले की पुष्कळदा ‘पिशवी काढून टाका’ हाच सल्ला मिळतो. मूळ दोष मात्र ओटीपोटाच्या सैल झालेल्या स्नायूंत आणि बंधांत असतो. नुसती पिशवी काढल्याने ते घट्ट होत नाहीत. सौम्य त्रासात व्यायाम किंवा योनीत बसवायची रिंग उपयोगी पडते. शस्त्रक्रिया लागलीच, तर गर्भाशय राखून पट्टीने वर बांधता येते. मुंबईत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी रुजवलेला हा विचार आता दुर्बिणीने, पोटावरच्या तीन-चार छोट्या छिद्रांतून अमलात येतो. योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री मात्र अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवली. म्हणून सही करण्यापूर्वी ‘पिशवी राखता येईल का? जाळी कुठून बसवणार?’ हे विचारलेच पाहिजे.