इतवारीचा माल आणि वस्तीचे दुकान



शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. आमच्या वस्तीतील एक मुलगी रात्री दहा वाजेपर्यंत नेट कॅफेत बसून होती. वडील इतवारीत हमाली करतात. अर्धा रोज बुडवून तेही सोबत बसले होते. पडद्यावर नुसते चक्र फिरत होते. "सर्व्हर डाऊन आहे काका," एवढेच उत्तर मिळाले. पुढे मुदत वाढली म्हणून मुलीचे वर्ष वाचले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "भाऊ, क्रिकेटची मॅच कोट्यवधी लोक एकाच वेळी मोबाइलवर पाहतात, ती बंद पडत नाही. आमच्या पोरीचा फॉर्मच कसा बंद पडतो?"

प्रश्न रास्त आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक तो पाहत होते. हे कसे जमते, ते आज समजून घेऊ.

त्यासाठी लांब जायला नको, आपली इतवारीच पाहा. इतवारी म्हणजे ठोक बाजार. पण घरातली तूर डाळ संपली तर आपण इतवारी गाठतो काय? नाही. कोपऱ्यावरच्या चिल्लर दुकानातून पाव किलो आणतो. दुकानदाराने तो माल एकदाच इतवारीतून आणून ठेवलेला असतो. आपला वेळ वाचतो आणि इतवारीतली गर्दीही कमी होते. सारे नागपूर पाव पाव किलोसाठी इतवारीत लोटले, तर तिथे पाय ठेवायला जागा राहणार नाही.

संकेतस्थळाचेही असेच आहे. त्याचा मूळ संगणक, म्हणजे सर्व्हर, मुंबईत, दिल्लीत किंवा अमेरिकेतही असू शकतो. तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तरीही नागपूरहून अमेरिकेला जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागतो. एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. दहा फेऱ्यांचे दोन सेकंद झाले. त्यात फोन जुना आणि रेंज कमी असली, म्हणजे गरिबाच्या घरी तेच पान आणखी रेंगाळते.

यावर उपाय म्हणून गावोगावी छोटी कोठारे उभारली गेली. या व्यवस्थेला कंटेन्ट डिलिव्हरी नेटवर्क, थोडक्यात सीडीएन, म्हणतात. चित्रे, व्हिडिओ, छापील सूचना अशा सर्वांना सारख्याच लागणाऱ्या गोष्टींच्या प्रती या कोठारांत ठेवलेल्या असतात. आपण पत्ता टाकला की मागणी जवळच्या कोठाराकडे वळविली जाते. तिथे वस्तू नसेल तर कोठार ती मूळ सर्व्हरकडून एकदाच मागविते आणि पुढच्या हजारांना आपल्याजवळचीच प्रत देते. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या अशा जाळ्यात आपले नागपूरही आहे.

ही कल्पना फार जुनी नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत या गर्दीचा प्रश्न मांडला. तेथील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो हाती घेतला आणि १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या विमान हल्ल्यात मारला गेला. त्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर जगभरातून लोक तुटून पडले होते, आणि ती गर्दी पेलण्याच्या कामी त्याचेच जाळे आले.

गर्दी पेलणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो बांधव येतात. सर्वांसाठी एकच नळ आणि एकच पंगत ठेवली असती तर? म्हणून रहाटे कॉलनी चौकापासून लक्ष्मीनगरपर्यंत जागोजागी भोजनदानाचे आणि पाण्याचे स्टॉल लागतात. माणसे वाढली की स्टॉल वाढवायचे. सीडीएनचे तत्त्व याहून वेगळे नाही.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. मॅच सर्वांना एकच दिसते, म्हणून तिच्या प्रती वाटता येतात. पण प्रत्येक मुलीचा अर्ज वेगळा, तिचे जातप्रमाणपत्र वेगळे, ओटीपी वेगळा. त्याची प्रत कोठारात ठेवून भागत नाही. तो मूळ सर्व्हरपर्यंत जावाच लागतो आणि शेवटच्या रात्री सारे एकदम तिथेच जाऊन धडकतात.

म्हणून संकेतस्थळ चालविणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. सूचना, चित्रे, माहितीपत्रके सीडीएनवर टाकली की मूळ सर्व्हर अर्ज घ्यायला मोकळा राहतो. शेवटच्या आठवड्यासाठी जादा संगणक लावता येतात. अभ्यासक्रमानुसार वेगवेगळ्या तारखा देता येतात. मॅचसाठी तयारी होते, तर शिष्यवृत्तीसाठी का होऊ नये? ही दया नव्हे, हक्क आहे. साइट बंद दिसली तर वेळेसह पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि दहा-वीस पालकांनी मिळून समाजकल्याण कार्यालयाला लेखी निवेदन द्या. एकट्याचे गाऱ्हाणे विरून जाते, वीस सह्यांच्या कागदाची नोंद घ्यावी लागते.

आपल्या हातीही काही आहे. अर्ज सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात भरा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने सूचनापत्रक एकदाच उतरवून त्याची प्रत बुद्धविहाराच्या फळ्यावर लावावी. शंभर घरांना शंभरदा साइट उघडावी लागणार नाही. मात्र कोठारातला माल शिळा होतो, तशी सूचनाही शिळी होते. म्हणून प्रतीवर तारीख घाला आणि दर रविवारी वंदनेनंतर ती ताजी आहे की नाही, हे तपासा.

ती मुलगी आता कॉलेजात शिकते आहे. यंदा विहाराच्या फळ्याचे काम तिनेच अंगावर घेतले आहे.

जय भीम!