‘फ्री’ या शब्दाची किंमत

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द आज गल्लीतील दुकानापासून संसदेपर्यंत सर्वत्र संचार करीत आहे. एका साबणावर दुसरा ‘फ्री’ मिळतो, मिठाई ‘शुगर-फ्री’ असते आणि काम नसलेला मनुष्यही ‘फ्री’ असतो. मराठीने या छटांसाठी वेगवेगळे शब्द राखले आहेत: मुक्त, स्वतंत्र, मोकळा, मोफत आणि फुकट. त्यांतही ‘मोफत’ हा शब्द दवाखान्याच्या पाटीवर शोभतो. ‘फुकट’ म्हणताच घेणाऱ्याविषयीची नापसंती प्रकट होते.

राज्यघटनेची इंग्रजी संहिताही या शब्दाच्या द्व्यर्थापासून अलिप्त नाही. अनुच्छेद ३०१ नुसार देशांतर्गत व्यापार ‘फ्री’ आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २१-क नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षणही ‘फ्री’ आहे. पहिल्या ठिकाणी निर्बंधांचा अभाव अभिप्रेत आहे, दुसऱ्या ठिकाणी शुल्काचा. आणि हे दुसरे ‘फ्री’ लगेच ‘सक्तीचे’ही आहे!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोफत वस्तूचीही किंमत कोणीतरी मोजतच असतो. म्हणून मोफत ते सारे त्याज्य, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याचा खर्च खजिन्याने सोसला; लाभ शिकणाऱ्यापुरता न राहता समाजभर पसरला. उलट पंजाबात १९९७ मध्ये शेतीची वीज मोफत झाली. पंप आणखी तासभर चालविण्यास शेतकऱ्याला काहीच पडेना. भूजलाचा उपसा आवरण्याचे एक कारण नाहीसे झाले. ती किंमत खालावणाऱ्या पाणीपातळीने आणि पुढील पिढीने चुकवायची आहे.

निवडणुकीतील आश्वासनांच्या वादात हे दोन्ही प्रकार एकाच तागडीत तोलले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जाहीरनाम्यातील अशी आश्वासने कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असे सांगितले, तथापि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास बजावले. परंतु शाळा, शिधा आणि मिक्सर यांना एकच नाव देणारी चर्चा कोणत्या तत्त्वाने चालावी? गरिबाचा हक्क त्यात भीक ठरतो आणि मतांचा सौदा कल्याण म्हणून खपतो.

खर्च कोणाच्या माथी आणि लाभ कोठवर, हे दोन प्रश्न प्रत्येक ‘फ्री’ला विचारले पाहिजेत. उत्तर मिळाल्यावर त्याला ‘मोफत’ म्हणावे की ‘फुकट’, हे ठरविण्यास मराठी समर्थ आहे.