नटाने का गाऊ नये?



नटांनी लोकप्रिय गाण्यांच्या मैफली करणे म्हणजे प्रसिद्धीच्या जोरावर गायकांच्या पंक्तीत घुसणे, हे काही पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटत नाही. अमेरिकन अभिनेत्री जुडी गार्लंडची २३ एप्रिल १९६१ ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल ऐकावी. ‘यू गो टू माय हेड’ गाताना ती शब्द विसरते, पण ताल न सोडता तिथल्या तिथे नवे शब्द जुळवून पुढे जाते. हे धैर्य लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या रंगमंचाचे. त्या ध्वनिमुद्रणाला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तिचा गळा मुळातच गायिकेचा होता, हा आक्षेप मान्य. मग नर्तक-नट फ्रेड अस्टेअर घ्या. आवाज बारीक, तरीही गर्शविन, बर्लिन, पोर्टर या संगीतकारांनी त्याच्यासाठी गाणी रचली, कारण शब्दाचा अर्थ तो नेमका पोचवायचा. नावावर तिकीट खपते हे खरे; पण नाव ऐकून आलेला श्रोता शेवटपर्यंत बसतो तो गाण्यासाठीच.